फाटक लावून जाणारा उमेदवार

मत कुणाला द्यायचं हे ठरवायची सगळ्यात पक्की रीत मला एका इंग्रज बाईने सांगितली, आणि तीही कुंपणावरून, मास्कच्या आतून, दीड मीटर लांब उभं राहून ओरडत. त्यामुळे आमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांनी ती फुकटात ऐकली असणार.

ही बाई आमची शेजारीण. मेलबर्नमध्ये, डँडेनॉन्गच्या अलीकडे, मुलगा, सून आणि मी राहतो ते घर नवं. तिचं जुनं, लाकडी फाटकाचं. वय चौऱ्याऐंशी. तरुणपणी नवऱ्याबरोबर इंग्लंडहून बोटीने आली ती इथलीच झाली. मला ती 'लव्ह' म्हणते. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मी घाबरून इकडेतिकडे बघितलं होतं. नंतर कळलं की तिच्या भागात दूधवाल्यालाही लव्हच म्हणतात. वयाने माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी, म्हणून मराठीत लिहिताना तिच्या तोंडी 'तू' आणि माझ्या तोंडी 'तुम्ही' असंच ठेवते. आमचं सगळं बोलणं अर्थात इंग्रजीत. माझं इंग्रजी दुकानांच्या पत्रकांवरून आणि टीव्हीच्या खालच्या ओळींवरून शिकलेलं, तिचं मिलच्या गल्लीतलं. दोघींना एकमेकींचं निम्मंच कळायचं, पण ते निम्मं चांगलं असायचं.

तर ते लॉकडाऊनचं वर्ष. दुसरा, लांबलेला लॉकडाऊन. घरापासून पाच किलोमीटर, त्यापुढे पाऊल नाही. त्याच सुमारास मी इथली नागरिक झाले. तो सोहळाही घरीच, लॅपटॉपवर. मी निळ्या काठाची पांढरी साडी नेसून जेवणाच्या टेबलाशी बसले, पलीकडून एक साहेब शपथ वाचत होते, आणि मी म्हणत होते ती शपथ कुणालाच ऐकू येत नव्हती, कारण मुलाने आवाज बंद ठेवला होता. "आई, पुन्हा म्हण, पुन्हा म्हण!" म्हणून मी दोनदा नागरिक झाले असं घरात सगळे म्हणतात.

हसण्यावारी नेलं, पण आत काहीतरी हललं होतं. इथलं घेतलं की तिकडचं सोडावं लागतं. पासपोर्टचं मला काही वाटलं नाही, मत सोडताना वाटलं. आमच्याकडे मत ही साधी गोष्ट नाही. नगर जिल्ह्यात आमचं गाव. मतदानाच्या दिवशी माझे वडील पहाटे आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, भिंतीवरच्या निळ्या कोटातल्या फोटोला हात जोडून निघायचे. ज्या विहिरीवर त्यांना पोहरा टाकू देत नव्हते, त्या विहिरीच्या मालकाचंही मत एकच आणि माझ्या वडिलांचंही एकच. हे त्यांना दर वेळी नव्याने पटल्यासारखं वाटायचं. त्यांनी एकही मतदान चुकवलं नाही. मीही नाही. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटली, पुढचं लिहिणंवाचणं माझं मी केलं, पण मतदानाला कधी दांडी मारली नाही. आता तिकडची यादी संपली होती. इकडची सुरू झाली का नाही, ते पहिलं मत पोचल्यावरच खरं.

आणि ते पहिलं मत आलं पोस्टाने. नगरपालिकेची निवडणूक होती, आणि कोविडमुळे केंद्रबिंद्र काही नाही, सगळं घरबसल्या. एक मोठा लिफाफा, आत मतपत्रिका, आणि नऊ उमेदवारांची फोटोसकट माहिती छापलेली पुस्तिका. इथे नुसता शिक्का मारून भागत नाही. सगळ्यांना नंबर द्यावे लागतात, एक ते नऊ, एकही गाळायचा नाही, एकही दोनदा नाही. तुमचा पहिला बाद झाला की मत दुसऱ्याला जातं, तो बाद झाला की तिसऱ्याला. मला ही रीत आवडली. लग्नाला बोलवायच्या याद्या आम्ही अशाच करायचो.

मुलगा म्हणाला, "आई, काही विचार करू नकोस. हा बघ, आपला आहे. ह्याला एक नंबर दे."

"आपला म्हणजे कुठला?"

"म्हणजे... इंडियन."

"गावात पण सगळे इंडियनच होते रे."

तेवढ्यात त्याची मीटिंग सुरू झाली. ते वर्षभर त्याची मीटिंग नेहमी अशाच वेळी सुरू व्हायची.

मी पुस्तिका घेऊन कुंपणाशी गेले. शेजारीणबाई लिंबाच्या झाडाला पाणी घालत होत्या. त्यांच्याही हातात तीच पुस्तिका, पण ती त्यांनी उन्हासाठी डोक्यावर धरलेली.

"तुम्ही कशा काय देता मत?" मी विचारलं. "तुम्ही तर अजून ब्रिटिशच ना?"

"फार पूर्वी जे ब्रिटिश यादीत आले, त्यांना चालतं. मी बोटीतून उतरले तेव्हा कुणी काही विचारलंच नाही, लव्ह."

बघा. मी कागद भरभरून थकले, दोनदा शपथ घेतली, आणि ही बाई नुसती राहून राहून मतदार.

"तुम्ही ठरवता कसं पण?"

ह्यावर त्यांनी झारी खाली ठेवली. बाई झारी खाली ठेवतात म्हणजे बोलणं लांबणार.

त्यांच्या गल्लीत म्हणे पक्ष हा विचारायचा विषयच नव्हता. घरात केस लाल असले की सगळ्यांचे लाल, तसा पक्ष. त्यांचे वडील मिलमध्ये, म्हणून पक्ष ठरलेला. त्यांची धाकटी बहीण अजून तिकडेच आहे आणि आजही त्याच पक्षाला मत देते. "तो पक्ष तिला आवडतो असं नाही हं. बदललं तर वडिलांना उलटून बोलल्यासारखं वाटतं. आणि वडील जाऊन चाळीस वर्षं झाली." बहिणीचा नवरा, जो कोणी सत्तेवर असेल त्याच्या विरोधात. कोणीही असो. त्याने एकदा निवडून आणलेल्या माणसाच्याही विरोधात पुढच्या वेळी तोच पहिला. बहिणीची शेजारीण म्हणते, हा चेहरा पाच वर्षं माझ्या बैठकीच्या खोलीत टीव्हीवर बघवेल का, एवढंच मी बघते.

"जाहीरनामा कुणी वाचत नाही?"

"माझा एक दीर वाचायचा. त्याच्याशी कुणी बोलायचं नाही."

आणि मग त्यांनी आईचं सांगितलं. आईने आयुष्यभर मत कुणाला दिलं हे वडिलांना शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांना वाटायचं, आपल्याच पक्षाला देते. त्या काळी उमेदवार दारोदार यायचे, तिकडे अजून येतात. घरापुढे वीतभर अंगण, त्यात आईच्या सहा कोंबड्या, आणि अंगणाला फाटक. उमेदवार दारात उभा राहून काय बोलतोय ते आई ऐकायचीच नाही. हो हो म्हणायची, दार लावायची, आणि पडद्याआडून बघायची: जाताना फाटक लावतो का?

"आई म्हणायची, जो फाटक उघडं टाकून जातो, त्याला जन्मात कधी कोंबडीमागे धावावं लागलेलं नाही. तो आपलं काय भलं करणार?"

मला हे मनापासून पटलं. मग विचारलं, "आणि सगळ्यांनीच लावलं तर?"

"मग वडिलांचा पक्ष."

"आणि कुणीच नाही लावलं तर?"

"बहुतेक वेळा तसंच व्हायचं, लव्ह. तेव्हाही वडिलांचाच पक्ष."

बाई इथे आल्यावरही साठ वर्षं स्वयंपाकघराच्या खिडकीतून फाटकच बघत आल्या होत्या. "तुमच्याकडे काय बघायचे?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, पाणी.

आमच्या वस्तीतही उमेदवार यायचे. जीप लांब उभी, साहेब लिंबाखाली, हात जोडलेले, 'तुम्ही आमचीच माणसं'. वडील मला आत पाठवायचे, तांब्या भरून आण म्हणायचे. मी घासूनपुसून लखलखीत तांब्या आणायची. साहेब हसून म्हणायचे, "नको नको, आत्ताच घेतलं." दर वेळी, दर साहेबाने, आत्ताच घेतलेलं असायचं. एक वर्षी एक शिक्षक उभे होते. सायकलवर आले. तांब्या दिला तर त्यांनी घटाघटा प्यायलं आणि म्हणाले, "अजून आहे का गं?" वडिलांनी त्यांना मत दिलं. ते आपटले, डिपॉझिटही गेलं. तीनदा उभे राहिले, तीनदा पडले, तिन्ही वेळा वडिलांचं मत त्यांनाच. निकालाचा पेपर आला की तालुक्याच्या चहाच्या टपरीवर वडील तो मागून घ्यायचे. अक्षरं वाचता येत नसत, आकडे ओळखत. हरलेल्या त्या गुरुजींच्या आकड्यावर बोट ठेवून मला म्हणायचे, "ह्यातलं एक आपलं."

शेजारीणबाईंनी हे सगळं ऐकून घेतलं. झारी उचलली, पुन्हा ठेवली. "म्हणजे तुमच्या घरचं पाणी..." एवढंच म्हणाल्या. मी म्हटलं, हो, तेच. मग त्या म्हणाल्या, "कोंबड्यांपेक्षा हे बरंच मोठं आहे, लव्ह."

आता अडचण अशी, की लॉकडाऊनमध्ये कोण कुणाच्या दारात येणार? उमेदवारांना आपल्या व्यायामाच्या वेळात फिरता फिरता पत्रकं टाकायची तेवढी मोकळीक होती. पण इथे टपालाची पेटी असते रस्त्याच्या कडेला, कुंपणाबाहेर. पत्रक टाकलं की माणूस पुढे. फाटकाचा संबंधच नाही. बाईंची साठ वर्षांची रीत आली धोक्यात.

मग बाईंनी जे केलं ते मी इथे लिहिते आहे, कारण आता त्याला बराच काळ लोटला. त्यांनी पेटीच्या तोंडावर चिकटपट्टी मारली आणि चिठ्ठी लावली: पेटी बिघडली आहे, कृपया दारापाशी ठेवा. टपालवाल्याला आधीच सांगून ठेवलं. तो नुसता हसला, "नो वरीज" म्हणाला. फाटक त्यांनी स्वतः नीट लावून घेतलं आणि खिडकीत बसल्या. मी आमच्या ओसरीत खुर्ची टाकली. आमच्या घराला पुढे कुंपणच नाही, फाटक कुठलं? फक्त हिरवळ, आणि भिंतीला बागेचा नळ. बाईंच्याकडून निघालेला माणूस माझ्याकडे येणारच. मी पाण्याचा जग आणि पेला मांडला.

मुलगा खिडकीतून म्हणाला, "आई, हे काय? कोण पिणार आहे?"

"कुणी नाही. नुसतं विचारायचं."

खरंच होतं त्याचं. त्या वर्षी अख्खं जगच एकमेकांच्या घरचं पाणी प्यायचं बंद झालं होतं. आमच्या वस्तीला जे माहीत होतं ते आता सगळ्यांना कळत होतं: दाराबाहेर उभं राहायचं, वस्तू खाली ठेवायची, मागे सरकायचं, मग दुसऱ्याने उचलायची. मला कधीकधी हसू यायचं. कधीकधी नाही.

नवांपैकी चौघं आमच्या गल्लीत आले. पहिला टायवाला. पुस्तिकेत दात दाखवणारा, प्रत्यक्षात मास्क हनुवटीवर. पत्रक भिरकावलं, फाटक सताड उघडं. माझ्याकडे आलाच नाही, लांबूनच हात केला.

दुसऱ्या दिवशी मुलाचा 'आपला'. फाटक नाही लावलं त्याने. मला बघून मात्र छान वाकला. "नमस्ते आंटीजी!"

"नमस्ते. पानी लेंगे?"

"नहीं नहीं आंटीजी, कोविड है ना!" दोन्ही हात वर, दोन पावलं मागे.

तो चुकला नव्हता हो. सून हॉस्पिटलातल्या कामावरून आली की मीसुद्धा दोन पावलं मागे सरकायचे. पण कानांना काय समजावणार? कानांनी ऐकलं, 'आत्ताच घेतलं'.

तिसरे एक म्हातारे, सडसडीत, सायकलचं हेल्मेट घातलेले. पत्रक ठेवलं आणि निघताना कोपराने, हात न लावता, फाटक ओढून घेतलं. कडी बसली नाही म्हणून परत फिरले आणि पुन्हा कोपराने बसवली. शेजारच्या खिडकीतून मला टाळ्या ऐकू आल्या. माझ्याकडे आले, मी पाणी विचारलं, त्यांनी आपली बाटली दाखवली. "आहे माझ्याकडे, थँक यू."

आणि चौथी एक बाई. वाळवंटाकडून येणारा उत्तरेचा गरम वारा सुटलेला, तोंडाला मास्क, घामाघूम. मी विचारायच्या आत तिनेच विचारलं, "तुमच्या नळाचं थोडं घेऊ का? माझं संपलं." बागेच्या नळाखाली बाटली धरली, भरली, रस्त्याच्या कडेला जाऊन मास्क खाली केला आणि सगळी रिकामी केली. मग परत आली. "अजून एक घेऊ?"

मी आत गेले. डोळ्यांत काहीतरी गेलं होतं.

संध्याकाळी कुंपणाशी आमचं भांडण.

"तिने फाटक उघडं टाकलं, लव्ह. सताड."

"तिच्या हातात पत्रकं होती."

"त्यांच्याही हातात पत्रकं होती. त्यांनी कोपर वापरलं."

"तिला तहान लागली होती."

"कोंबड्यांना काय त्याचं?"

"तुमच्याकडे कोंबड्याच नाहीत!"

"तुझं गाव तरी इथे कुठे आहे?"

ह्यावर दोघीही हसलो, कारण दोघींचंही खरं होतं. मग बाई म्हणाल्या, हे बघ, इथली रीत काय वाईट आहे, तू तुझ्या नळवालीला एक दे आणि माझ्या हेल्मेटवाल्याला दोन, मी त्याला एक देते आणि तुझ्या नळवालीला दोन. मुलगा आतून ओरडला, "आई, मतदान गुप्त असतं!" बाईंनी माझ्याकडे बघून विचारलं, "काय म्हणतोय?" मी म्हटलं, चहाला बोलावतोय.

मी निळं पेन घेतलं. निळंच. नळवालीला एक, हेल्मेटवाल्यांना दोन, असे करत करत टायवाल्याला नऊ. वळणदार आकडे काढले. आणि मग मी जे केलं त्याबद्दल मला अजून बोलणी बसतात.

आमच्या घरात तेव्हा नियम होता. सून हॉस्पिटलात, म्हणून मुलगा फार कडक. घरात येणारं सगळं फवारायचं, पुसायचं, परसात उन्हात वाळवायचं. दुधाची बाटली, कांदे, बिस्किटांचे पुडे, वर्तमानपत्रसुद्धा. दोरीवर चिमट्याने वर्तमानपत्र. माझा हात त्यात इतका बसला होता की मी विचारही केला नाही. मतपत्रिका बाहेर चालली होती, कुणीतरी ती उघडून मोजणार, आपल्या घरात हॉस्पिटलात जाणारं माणूस आहे, त्या मोजणाऱ्याला आपल्याकडून काही जायला नको. मी घेतली बाटली, मारला चांगला दोन्ही बाजूंनी फवारा, आणि लावली चिमट्याने दोरीवर.

दहा मिनिटांनी गेले तर दोरीवर माझे नऊ आकडे निळ्या ढगांसारखे पसरलेले. एकाचा सात झालेला, दोनाचा नुसता डाग उरलेला, नऊ सगळ्यात ठळक. टायवाला तेवढा शाबूत.

मी तिथेच पायरीवर बसले. मुलगा मीटिंग सोडून आला, ह्यावरून समजा. "आई, जाऊ दे. नाही गेलं तर मत न दिल्याचा दंड भरू. लोक भरतात."

दंडाचं कोण बोलत होतं? मला वेगळंच टोचत होतं. आपला हात लागलेली वस्तू दुसऱ्याने पाणी शिंपडून घ्यायची, ह्याच एका गोष्टीची माझ्या वडिलांना जन्मभर चीड होती. आणि मी माझ्या मतावर, आपल्याच हाताने, शिंपडून बसले होते.

बाईंनी कुंपणावरून हाक मारली. मी पत्रिका उन्हाकडे धरून दाखवली. बाई पूर्वी बरीच वर्षं शाळेच्या हॉलमध्ये मतं मोजायला जायच्या, त्यामुळे डोळे बारीक करून अशा बघायला लागल्या जसा सोनार बघतो.

"हा एक आहे की सात?"

"एक."

"तुला माहीत आहे. त्यांना नाही. दहा मिनिटं वाद घालतील आणि बाद गठ्ठ्यात टाकतील."

"मग?"

"मग फोन कर. शेवटचा दिवस परवा आहे."

फोन मी स्वतः केला. मुलगा म्हणत होता मी करतो. मी म्हटलं, मत माझं आहे. बराच वेळ गाणं ऐकवलं त्यांनी. मग एक मुलगी बोलली: पोस्टाने नवी पाठवली तर वेळेत पोचायची खात्री नाही, पण निवडणूक कचेरीत येऊन बदलून घेता येईल. कचेरी आमच्यापासून पाच किलोमीटरच्या आत होती, मुलाने नकाशावर दोनदा मोजलं. सोडायला येतो म्हणाला. नेमकी मीटिंग. मी बसने निघाले. मास्क, पर्समध्ये ती निळी पत्रिका प्लास्टिकच्या पिशवीत घालून, आणि अंगावर निळ्या काठाची पांढरी साडी. बसमध्ये मी आणि ड्रायव्हर. रस्ते इतके रिकामे, की मतदानाची सुट्टी असल्यासारखं वाटलं.

कचेरी म्हणजे एक रिकामं दुकान, पुढ्यात प्लास्टिकची पारदर्शक भिंत. पलीकडे सुनेच्या वयाची एक बाई. मी पिशवी खालच्या फटीतून सरकवली.

तिने बघितलं. "ही धुतलीत का तुम्ही?"

"फवारली. तुमच्यासाठी. तुमच्या हातांना काही होऊ नये म्हणून."

मास्कवरचे तिचे डोळे आधी मोठे झाले, मग बारीक. "इतके दिवस इथे बसते," ती म्हणाली, "आमच्या हातांचं कुणी विचारलं नव्हतं." मग तिने ती ओली-सुकी पत्रिका उघड्या हाताने उचलली, घडी नीट केली, बाजूच्या लिफाफ्यात ठेवली. हातमोजा नाही, काही नाही. पुसली नाही की झटकली नाही. नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, सही घेतली आणि नवी कोरी पत्रिका पुढे केली. "पेन्सिल वापरा," म्हणाली. "पसरत नाही."

कोपऱ्यातल्या टेबलाशी उभं राहून मी पुन्हा नंबर घातले. एक, नळवाली. दोन, फाटकवाले. मुलाच्या 'आपल्या'ला पहिल्या वेळी सहावा दिला होता. आता चार केला. सगळ्यांनाच दोन पावलं मागे सरकायला लावणारं वर्ष होतं, एकट्या त्याला कशाला धरायचं? टायवाला नऊच. लिफाफ्यात घातली, सही केली, पेटीत टाकली. आत पडल्याचा आवाज झाला. इतका छोटा आवाज, पण मी ऐकला.

परत आले तर बाई खिडकीत. मी धावत सांगायला गेले, फाटक ढकलून, दारापाशी: "पोचलं! पोचलं!"

त्यांनी खिडकी वर केली. मला वाटलं, अभिनंदन करणार.

"फाटक, लव्ह!"

मी मागे गेले आणि कोपराने लावलं. कडी दुसऱ्या खेपेला बसली.

निकाल लागला तेव्हा ना फाटक आलं ना पाणी. टायवाला निवडून आला. बाई म्हणाल्या, "ठरल्याप्रमाणे." त्यांच्या घराण्याला सवय आहे. माझ्याही. मुलाने लॅपटॉपवर आकड्यांचा तक्ता उघडला, उमेदवारांची नावं आणि पुढे कुणाला किती पहिली मतं. नळवाली बरीच खाली होती, हेल्मेटवाल्यांच्याही खाली. मी चष्मा लावला, तिच्या नावापुढचा आकडा शोधला आणि पडद्यावर त्याच्यावर बोट ठेवलं.

"आई, डाग पडतो," मुलगा म्हणाला, आणि त्याचा हात सवयीने फवाऱ्याच्या बाटलीकडे गेला.

"राहू दे," मी म्हटलं. "ह्यातलं एक आपलं आहे. पुसू नकोस."